९४१ चा भरणा थकला तर: अमेरिकेतल्या छोट्या धंद्यासाठी

दुकानाचं भाडं थकलं की जागेचा मालक फोन करतो. होलसेलवाल्याचं बिल थकलं की पुढच्या आठवड्यात माल येत नाही. आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या फेडरल कर खात्याचा, भरणा थकला तर मात्र सुरुवातीचे काही महिने कुणी विचारतही नाही. म्हणून हातातला पैसा आटला की सगळ्यात आधी पगारावरचा कर, म्हणजे फॉर्म ९४१ वर दाखवायचा भरणा, मागे पडतो. आणि नेमकं हेच देणं कंपनी बुडाली तरी मालकाच्या घरापर्यंत येतं. एलएलसी किंवा कॉर्पोरेशन काढलंय म्हणून सुटका होत नाही.

हे लिहिलंय ते अमेरिकेत रेस्टॉरंट, किराणा, मोटेल, डेकेअर किंवा दहा-वीस माणसांची आयटी कन्सल्टन्सी चालवणाऱ्यांसाठी. इथे फक्त फेडरल कराचं बोलू. राज्याचा कर आणि राज्याचा बेकारी विमा यांचे नियम राज्यागणिक बदलतात, ते वेगळे बघावे लागतील.

कापलेला पैसा कुणाचा

न्यू जर्सीत एडिसनला एखादं किराणा दुकान आहे असं धरा. आठवड्याचा एकूण पगार ४,००० डॉलर. नोकरांनी भरून दिलेल्या डब्ल्यू-४ फॉर्मप्रमाणे फेडरल इन्कम टॅक्स सरासरी ८ टक्के कापला जातो असं समजू, म्हणजे ३२० डॉलर. सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) ६.२ आणि मेडिकेअर (म्हातारपणाचा आरोग्य विमा) १.४५ मिळून ७.६५ टक्के, म्हणजे ३०६ डॉलर नोकरांच्या पगारातून कापले जातात. तेवढेच ३०६ मालकाने स्वतःच्या खिशातून घालायचे. एकूण आठवड्याला ९३२ डॉलर आयआरएसला द्यायचे.

यातले ३२० आणि नोकरांकडून कापलेले ३०६, मिळून ६२६ डॉलर, हा 'ट्रस्ट फंड' भाग. हा पैसा तुमचा नव्हेच, नोकराचा पैसा सरकारला पोचवण्यासाठी तुमच्याकडे ठेवलेला. उरलेले ३०६ हे धंद्याचं देणं. ही विभागणी आत्ताच डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं हिच्यावर ठरतं. १३ आठवड्यांची तिमाही धरली तर एकूण देणं १२,११६ डॉलर आणि त्यातला ट्रस्ट फंड ८,१३८. मालकाच्या अंगावर वैयक्तिकरीत्या येतात ते हे ८,१३८.

गंमत अशी की नोकराला त्याच्या कापलेल्या कराचं श्रेय मिळतंच, तुम्ही तो भरला असो वा नसो. त्याच्या डब्ल्यू-२ वर (वर्षाच्या पगाराच्या दाखल्यावर) आकडा असतो, तो रिफंडही घेऊन मोकळा होतो. खड्डा पडतो तो सरकारच्या तिजोरीत, आणि या थकबाकीच्या मागे आयआरएस इतर कुठल्याही करापेक्षा जास्त हात धुऊन लागते ते यामुळेच.

तारखा: महिन्याला की आठवड्यात

फॉर्म ९४१ दर तिमाहीला: ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी. पण फॉर्म भरायची तारीख आणि पैसे भरायची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवीन मालक तिमाहीअखेर फॉर्मबरोबर एकदम चेक जोडतात. तसं चालतं ते त्या किंवा त्याच्या आधीच्या तिमाहीचं एकूण देणं २,५०० डॉलरच्या आत असेल तरच.

बाकीच्यांचं वेळापत्रक मागच्या हिशेबावरून ठरतं. २०२६ सालासाठी १ जुलै २०२४ ते ३० जून २०२५ या चार तिमाहींचं ९४१ चं देणं बघायचं. ते ५०,००० डॉलर किंवा कमी असेल तर महिन्याचा भरणा, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. ५०,००० च्या वर गेलं की भरणा लगेचच्या आठवड्यात: बुधवार, गुरुवार किंवा शुक्रवारी पगार दिला तर पुढच्या बुधवारपर्यंत, शनिवार ते मंगळवार दिला तर पुढच्या शुक्रवारपर्यंत. आणि एखाद्या दिवशी देणं १,००,००० डॉलरला पोचलं तर लगेच दुसऱ्या कामाच्या दिवशी.

वरच्या दुकानाचं वर्षाचं देणं ४८,४६४ डॉलर होतं, म्हणजे महिन्याचा भरणा. आता आठवड्याचा पगार ४,००० वरून ४,२०० झाला, शनिवार-रविवारसाठी एक पोऱ्या वाढवला एवढंच. देणं आठवड्याला ९७८.६० आणि वर्षाला ५०,८८७. पुढे त्या हिशेबाचं वर्ष लागू झालं की दुकान आपोआप आठवड्याच्या वेळापत्रकात जातं. मालक जुन्या सवयीने १५ तारखेलाच भरत राहतो, भरणा पूर्ण असतो, आणि तरी दंड लागतो. डिसेंबरात पाच मिनिटं काढून ही बेरीज करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

देणं पगाराच्या तारखेला लागतं, काम केलेल्या आठवड्याला नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्याचं काम, पगार ३ जुलैला, तर ते तिसऱ्या तिमाहीत.

भरणा ऑनलाइनच करायचा, ईएफटीपीएस या कर भरायच्या सरकारी संकेतस्थळावरून. नाव नोंदवल्यावर पिन टपालाने येतो, त्याला आठवडाभर लागतो, त्यामुळे पहिल्या पगाराच्या आधीच नोंदणी करा. व्यवहार मुदतीच्या आदल्या दिवशी ईस्टर्न वेळेप्रमाणे रात्री ८ च्या आत टाकावा लागतो. कॅलिफोर्नियात ते संध्याकाळचे ५. मुदतीच्या दिवशी सकाळी आठवण झाली तर बँकेकडून त्याच दिवसाचं वायर करून घ्या. बँक फी घेईल, पण ती सहसा दंडाहून कमी असते.

दंड कसा चढतो

एप्रिलमध्ये चार पगार झाले, ३,७२८ डॉलर १५ मेपर्यंत भरायचे. १८ मेला भरले तर २ टक्के, म्हणजे ७४.५६. २५ मेला भरले तर ५ टक्के, १८६.४०. ३१ मे उजाडला की १० टक्के, ३७२.८०. आयआरएसची पहिली मागणीची नोटीस निघून १० दिवस उलटले तरी भरलं नाही, तर १५ टक्के. हा झाला भरणा उशिरा केल्याचा दंड.

फॉर्मच उशिरा दिला तर न भरलेल्या रकमेवर दर महिन्याला ५ टक्के, जास्तीत जास्त २५. फॉर्म दिला पण पैसे नाहीत, तर महिन्याला अर्धा टक्का. या दोन आकड्यांतला फरक बघा. खात्यात दमडी नसली तरी फॉर्म वेळेवर द्यायचाच. "पैसे आले की एकदमच देऊ" हा विचार दहापट महाग पडतो. वर व्याज आहेच, ते रोज चक्रवाढीने चढतं. २०२५ मध्ये वार्षिक ७ टक्के होतं.

दंड कमी करायची एक वाट फार थोड्यांना माहीत असते. तिमाहीतला एखादा भरणा कमी पडला की पुढचे भरणे कुठल्या पगारापोटी धरायचे यावरून दंडाची रक्कम बदलते. भरणा उशिरा झाल्याच्या दंडाची नोटीस आल्यापासून ९० दिवसांत तुम्ही स्वतः कळवू शकता की कुठला भरणा कुठल्या तारखेच्या देण्यात धरावा. कागदावर दोन-तीन पर्याय मांडून बघा. कधी कधी दंड निम्म्यावर येतो.

आणि मागची तीन वर्षं दंड नसेल, सगळे फॉर्म दिलेले असतील, उरलेल्या कराची व्यवस्था लावलेली असेल, तर पहिल्या वेळची माफी मागा. कारण सांगावं लागत नाही, आजारपणाचे दाखले जोडावे लागत नाहीत. फोनवरही मिळते. मागितल्याशिवाय मात्र कुणी आपण होऊन देईल असं धरून बसू नका.

नेहमी कुठे चुकतं

आठवड्याच्या वेळापत्रकातल्यांना ९४१ सोबत शेड्यूल बी द्यावं लागतं. त्यात पगाराच्या तारखांना लागलेलं देणं लिहायचं असतं. बरेच लोक तिथे पैसे भरल्याच्या तारखा लिहितात. मग आयआरएसच्या संगणकाला सगळी तिमाही वाकडी दिसते आणि भरणा वेळेवर असूनही दंडाची नोटीस येते. दुरुस्त शेड्यूल बी पाठवून ती मागे घेता येते, पण त्यात महिने जातात.

ईएफटीपीएसवर तिमाही चुकीची निवडणं किंवा ९४१ ऐवजी ९४० (फेडरल बेकारी कराचा फॉर्म) निवडणं हे दुसरं. पैसे गेलेले असतात, पण भलत्याच खात्यात. व्यवहाराची पावती छापून त्या पगाराच्या कागदाला लावून ठेवा, म्हणजे फोनवर पाच मिनिटांत काम होतं.

पत्ता बदलला आणि कळवलाच नाही, हे तिसरं आणि सगळ्यात घातक. नोटीस तुमच्या शेवटच्या कळवलेल्या पत्त्यावर पाठवली की ती कायद्याने पोचली. दुकान हललं किंवा कंपनीचा जबाबदार माणूस बदलला तर फॉर्म ८८२२-बी द्या. माणूस बदलल्याचं ६० दिवसांत कळवायचं असतं.

मग पेरोल कंपनी, म्हणजे पगार आणि त्यावरच्या कराचं काम बघणारी. "आमचं सगळं पेरोलवाले बघतात" हे वाक्य आयआरएसपुढे चालत नाही. साध्या पेरोल कंपनीने तुमच्या खात्यातून पैसे उचलले आणि सरकारात भरलेच नाहीत, तर देणं तुमचंच राहतं. २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातली मायपेरोलएचआर ही कंपनी अचानक बंद पडली, तेव्हा हजारो नोकरांच्या खात्यात आलेले पगार परत ओढले गेले होते. उपाय सोपा आहे: ईएफटीपीएसवर स्वतःचाही प्रवेश घ्या आणि दर महिन्याला भरणे तिथे दिसतात का ते डोळ्यांनी बघा. पेरोलवाल्याच्या संकेतस्थळावरचा अहवाल पुरावा धरू नका. कंपनीचा पत्ता पेरोलवाल्याचा देऊ नका, नाहीतर तुमच्या नोटिसा त्यांच्याकडे जातील. आयआरएसने प्रमाणित केलेल्या पीईओची (तुमच्या नोकरांचे सह-मालक बनून पगार आणि कर सांभाळणाऱ्या कंपनीची) गोष्ट वेगळी, तिथे जबाबदारी कायद्याने त्यांच्याकडे जाते. पण साधा पीईओ आणि प्रमाणित पीईओ यांतला फरक विकायला आलेला माणूस सहसा सांगत नाही.

फॉर्म ९४० चं थोडक्यात: फेडरल बेकारी कर प्रत्येक नोकराच्या पहिल्या ७,००० डॉलरवर ६ टक्के, पण राज्याचा बेकारी कर वेळेवर भरला तर ५.४ टक्क्यांची सूट, म्हणजे माणशी ४२ डॉलर. राज्याचा भरणा चुकला की ही सूट घटते. कॅलिफोर्नियाने बेकारी भत्त्यासाठी घेतलेलं केंद्राचं कर्ज फेडलं नसल्यामुळे तिथल्या मालकांना वेळेवर भरूनही जास्त पडतं. २०२४ साठी ०.९ टक्का, म्हणजे माणशी आणखी ६३ डॉलर.

आपल्या लोकांच्या धंद्यात हमखास निघणाऱ्या गोष्टी

विद्यार्थी. एफ-१ व्हिसावर असलेल्या आणि कराच्या दृष्टीने अनिवासी असलेल्या विद्यार्थ्याला सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर लागत नाही, ओपीटीवर, म्हणजे शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवरही नाही. पण ही सूट पाच कॅलेंडर वर्षांपुरती, आणि वर्षाचा एक दिवसही पूर्ण वर्ष म्हणून मोजतात. पुण्याहून डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या मुलाचं २०२० हे पहिलं वर्ष. २०२४ ला पाच भरली, २०२५ पासून तो साधारणपणे निवासी ठरतो आणि दोन्ही बाजूंचे मिळून १५.३ टक्के सुरू होतात. छोट्या कन्सल्टन्सीत हे कुणी मोजत नाही. तसंच १ ऑक्टोबरला एच-१बी सुरू झाला की त्याच तारखेपासून कपात सुरू. वर्षअखेरची वाट बघायची नाही. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार लागू नाही, त्यामुळे "भारतात पीएफ भरतोय" म्हणून इथली कपात टळत नाही.

घरची माणसं. तुमचा धंदा वैयक्तिक मालकीचा असेल, किंवा भागीदारीत फक्त आई-वडीलच भागीदार असतील, तर १८ च्या आतल्या मुलाच्या पगारावर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर नाही. कॉर्पोरेशन केलं की ही सूट गेली.

रोख आणि १०९९. गल्ल्यावर ठरलेल्या वेळी उभा राहणारा, तुमच्या सांगण्याप्रमाणे काम करणारा माणूस नोकरच. त्याला १०९९-एनईसी (कंत्राटदाराला दिलेल्या पैशांचा फॉर्म) दिला म्हणून तो कंत्राटदार होत नाही. पकडलं गेल्यावर हेतू वाईट नव्हता असं ठरलं, तर पगाराच्या १.५ टक्का इन्कम टॅक्सपोटी आणि नोकराच्या सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरच्या हिश्शाचे २० टक्के भरावे लागतात. १०९९ सुद्धा दिला नसेल तर हे दर दुप्पट, ३ आणि ४०. मालकाचा स्वतःचा हिस्सा पूर्ण, तो वेगळाच. मागची तीन वर्षं १०९९ नियमाने दिलेले असतील आणि पुढे लोकांना नोकर म्हणून घ्यायची तयारी असेल, तर फॉर्म ८९५२ भरून यातल्या एका वर्षाच्या रकमेच्या दहाव्या हिश्शात प्रकरण मिटतं. मात्र तपासणी सुरू व्हायच्या आधी जायला हवं.

रेस्टॉरंटवाल्यांसाठी एक खुलासा. २०२५ च्या कायद्याने टिपांवर २५,००० डॉलरपर्यंतची जी वजावट आली ती वेटरच्या स्वतःच्या रिटर्नमध्ये, २०२५ ते २०२८ या वर्षांपुरती. टिपांवरचं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर तसंच आहे. "टिपांवर आता कर नाही" असं कुणी सांगितलं म्हणून ९४१ मधून टिपा काढून टाकू नका.

थकलंच आहे, तर या क्रमाने

पहिलं काम जुनं फेडणं नव्हे. पहिलं काम म्हणजे या आठवड्याच्या पगाराचा भरणा वेळेवर करणं. चालू तिमाहीचे भरणे वेळेवर होत नसतील तर आयआरएस हप्ते देत नाही, कमी रकमेत मिटवण्याच्या तडजोडीचा अर्ज बघत नाही, आणि तिच्या बाजूने ते बरोबरच आहे: एकीकडे जुनं फेडून दुसरीकडे नवं थकत असेल तर उपयोग काय? बँकेत दुसरं खातं उघडा. पगाराच्या दिवशी, पगार जायच्या आधी, वरच्या उदाहरणातले ९३२ डॉलर तिथे टाका आणि भरणा तिथूनच करा. पूर्ण पगार आणि पूर्ण कर दोन्ही परवडत नसतील तर कामाचे तास कमी करा. नोकरांच्या हातात कपातीनंतरचा पगार ठेवून कर मागे ठेवणं म्हणजे सरकारच्या पैशाने दुकान चालवणं, आणि कायदा त्याकडे तसंच बघतो.

दुसरं, राहिलेले सगळे फॉर्म भरून टाका. आकडे थोडे चुकले तर ९४१-एक्सने दुरुस्त करता येतात.

तिसरं, प्रत्येक तिमाहीची ट्रान्सक्रिप्ट (आयआरएसकडचा खात्याचा उतारा) काढा आणि एक तक्ता करा: तिमाही, मूळ कर, त्यातला ट्रस्ट फंड भाग, दंड, व्याज, आणि वसुलीची मुदत. वसुलीला साधारणपणे आकारणीपासून दहा वर्षं असतात. हा तक्ता हातात नसताना आयआरएसला फोन करू नका. ते सांगतील तो आकडा मान्य करून बसाल.

चौथं, आणि हे बहुतेक मालक हुकवतात: जुन्या थकबाकीपोटी आपण होऊन जो पैसा भरता तो कुठे जमा करायचा हे सांगायचा हक्क तुम्हाला आहे. काहीच सांगितलं नाही तर आयआरएस सरकारच्या फायद्याने जमा करते, म्हणजे आधी धंद्याचा हिस्सा, आणि ज्याला तुम्ही वैयक्तिक बांधील आहात तो ट्रस्ट फंड भाग तसाच राहतो. म्हणून भरण्यासोबत लेखी कळवा: ईआयएन (धंद्याचा कर-क्रमांक), फॉर्म ९४१, अमुक तिमाही, रक्कम फक्त कराच्या ट्रस्ट फंड भागात जमा करावी. आपल्या दुकानाने एका तिमाहीपोटी ८,१३८ डॉलर असे भरले तर त्या तिमाहीचा मालकावरचा वैयक्तिक बोजा संपतो. उरलेले ३,९७८ आणि दंड-व्याज कंपनीचं. जप्तीने गेलेल्या पैशाला किंवा मंजूर हप्त्यांच्या करारातल्या रकमेला हा हक्क नाही. त्यामुळे करार करायच्या आधी जे देता येईल ते असं द्या.

हप्ते

थकबाकी २५,००० डॉलर किंवा कमी असेल तर चालू धंद्याला संपत्तीचं विवरण न देता हप्ते मिळू शकतात. २४ महिन्यांत फिटेल असा हप्ता बसवायचा. १०,००० च्या वर असेल तर खात्यातून थेट कपात मान्य करावी लागते. थकबाकी २७,००० असेल तर आधी २,००० भरून खाली या, हा सरळ हिशेब आहे.

त्याहून जास्त असेल तर फॉर्म ४३३-बी. यात धंद्याची खाती, येणी, यंत्रं, गाड्या, कर्जं, महिन्याचा जमाखर्च सगळं द्यावं लागतं. मालकाकडून त्याच्या स्वतःच्या मालमत्तेचा ४३३-ए मागितला तर त्यात परदेशातली मालमत्ताही येते: एनआरओ-एनआरई खाती, भारतातल्या मुदतठेवी, ठाण्याचा फ्लॅट, गावच्या शेतातला हिस्सा. खोट्या विवरणावर सही म्हणजे वेगळा गुन्हा. परदेशी खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल आणि एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, दिला नसेल, तर ४३३-ए वर सही करायच्या आधी कर-वकिलाकडे जा. सीपीए किंवा एनरोल्ड एजंट (आयआरएसपुढे बाजू मांडायची परवानगी असलेला कर-सल्लागार) हप्त्यांचं काम उत्तम करतात, पण फौजदारी वळण लागायची शक्यता असेल तिथे वकिलाशी बोललेलंच गुप्त राहतं.

हप्त्यांचा करार मोडतो तो हप्ता चुकल्याने कमी, आणि चालू तिमाहीचा भरणा चुकल्याने जास्त. तडजोडीच्या प्रस्तावाला, म्हणजे फॉर्म ६५६ ला, चालू तिमाहीचे आणि मागच्या दोन तिमाहींचे सगळे भरणे वेळेवर झालेले लागतात. रेडिओवर "डॉलरला दहा सेंट देऊन थकबाकी मिटवू" म्हणणाऱ्या कंपन्या हे सांगत नाहीत. आधी फी घेतात, मग अर्ज परत येतो.

नोटिसा आणि माणसं

सुरुवातीची पत्रं फक्त मागणीची असतात. लेटर १०५८ किंवा एलटी११ (जप्तीआधीची शेवटची सूचना) आलं की मात्र घड्याळ सुरू: पत्रावरच्या तारखेपासून ३० दिवसांत फॉर्म १२१५३ देऊन सुनावणी मागता येते. मुदत हुकली तरी वर्षभरात एक दुय्यम सुनावणी मिळते, पण तिच्यानंतर कोर्टात जायचा हक्क राहत नाही. आणि एक खास गोम: नव्या तिमाहीच्या आधीच्या दोन वर्षांतल्या पगाराच्या करासाठी तुम्ही अशी सुनावणी मागितली असेल, तर त्या नव्या तिमाहीसाठी आयआरएस आधी जप्ती करून मग सुनावणी देऊ शकते. म्हणजे नुसता वेळ काढायला सुनावणी मागण्याचा डाव एकदाच चालतो.

बँकेवर जप्ती आली तर पैसे २१ दिवस गोठतात आणि मग जातात. सोडवायचं असेल ते या २१ दिवसांत. जप्ती तुमच्या गिऱ्हाइकांकडच्या येण्यांवर, क्रेडिट कार्डाचे पैसे देणाऱ्या कंपनीवरही येते. रेस्टॉरंटला ती बँकेच्या जप्तीपेक्षा जास्त लागते.

रेव्हेन्यू ऑफिसर, म्हणजे आयआरएसचा वसुली अधिकारी, आता सहसा न सांगता दारात येत नाही; जुलै २०२३ पासून भेटीची वेळ आधी पत्राने ठरवतात. खऱ्या अधिकाऱ्याकडे दोन ओळखपत्रं असतात, दोन्ही मागा. गिफ्ट कार्डावर कर मागणारा अर्थातच भामटा. आणि तिमाही संपायच्या आत अधिकाऱ्याचं पत्र आलं तर दचकू नका: तुमचे भरणे अचानक घटले की संगणक तशी सूचना देतो.

मालकाच्या अंगावर: कलम ६६७२

कंपनीकडून वसूल होईना की अधिकारी 'जबाबदार माणूस' शोधतो आणि कर-कायद्याच्या या कलमाखाली ट्रस्ट फंडाची रक्कम त्याच्यावर दंड म्हणून बसवतो. फॉर्म ४१८० वर मुलाखत घेतो: पगार कोण ठरवत होतं, चेकवर सही कुणाची, कुठलं बिल आधी द्यायचं हे कोण सांगायचं, कर थकलाय हे कधी कळलं. कर थकलेला माहीत असून मालवाल्याला पैसे दिले, एवढं 'जाणूनबुजून' ठरायला पुरतं. वाईट हेतू लागत नाही.

आपल्याकडे घोळ होतो तो सहीचा. सोयीसाठी बायकोचं, भावाचं, कधी भारतातून आलेल्या वडिलांचं नाव बँकेच्या खात्यावर घातलेलं असतं. नुसत्या सहीच्या अधिकाराने माणूस जबाबदार ठरतोच असं नाही, पण चेकवर त्याच्या सह्या निघाल्या की त्याला आपला निर्णयात हात नव्हता हे दाखवत बसावं लागतं. दंड एकापेक्षा जास्त जणांवर बसू शकतो आणि प्रत्येकजण पूर्ण रकमेला बांधील असतो. ज्याला धंद्याशी देणंघेणं नाही त्याचं नाव खात्यावरून आजच काढा. मुलाखतीला प्रतिनिधी नेता येतो, त्यासाठी फॉर्म २८४८. एकट्याने जाऊन फॉर्मवर सही करू नका.

नंतर लेटर ११५३ येतं, सोबत फॉर्म २७५१. त्यावर सही म्हणजे कबुली. पटत नसेल तर ६० दिवसांत अपील. पत्र अमेरिकेबाहेरच्या पत्त्यावर आलं असेल तर ७५. दंड बसवायची मुदत साधारणपणे पुढच्या वर्षाच्या १५ एप्रिलपासून तीन वर्षं: २०२४ च्या कुठल्याही तिमाहीसाठी १५ एप्रिल २०२८ पर्यंत, फॉर्म वेळेवर दिले असतील तर.

हा दंड दिवाळखोरीतही सुटत नाही. तो वैयक्तिक देणं असल्यामुळे पासपोर्टच्या नियमातही येतो: २०२५ मध्ये ६४,००० डॉलरच्या वर गंभीर थकबाकी झाली आणि हप्ते किंवा अपील काहीच चालू नसेल, तर अमेरिकी पासपोर्टचं नूतनीकरण अडतं, आणि ते कळतं बहुधा भारतात तातडीने जायची वेळ येते तेव्हाच. ग्रीन कार्डवाल्यांना नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात थकलेल्या कराबद्दल थेट प्रश्न असतो. हप्त्यांचा मंजूर करार आणि भरल्याच्या पावत्या सोबत जोडल्या तर उत्तर देता येतं. "नाही" लिहून सोडून दिलेलं मात्र अंगाशी येतं.

जाणूनबुजून न भरणं कलम ७२०२ खाली गुन्हाही आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा. छोट्या मालकांवर ते क्वचित लागतं; लागतं तेव्हा बहुधा थकबाकीच्या काळातली नवी गाडी, घराचं नूतनीकरण असा खर्च फाइलीत सापडलेला असतो.

धंदा बंद करत असाल तर

शेवटच्या ९४१ वर धंदा बंद झाल्याची चौकट भरा आणि शेवटच्या पगाराची तारीख घाला. ती राहिली तर पुढच्या प्रत्येक तिमाहीला फॉर्म आला नाही म्हणून नोटिसा येत राहतात, आणि आयआरएस अंदाजाने कर आकारून मोकळी होते. नोकरांना डब्ल्यू-२ त्या शेवटच्या ९४१ च्या मुदतीपर्यंत द्यायचे, जानेवारीची वाट बघायची नाही. ईआयएन रद्द होत नाही. खातं बंद करायला लेखी पत्र पाठवावं लागतं. दुकानातला माल, फ्रीज, गाडी विकून जे पैसे येतील त्यातून भाऊबंदांची उसनवारी फेडायच्या आधी ट्रस्ट फंडाची रक्कम वर सांगितलेल्या पत्रासह भरा, आणि पगाराची कागदपत्रं किमान चार वर्षं जपून ठेवा.